प्राइम ठेवायचं की बंद करायचं: इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या एका घराचा हिशेब

१७ ऑगस्ट २०२५ चा रविवार. पोह्यांवर शेव पडत होती, जलेबीचा पुडा नुकता उघडला होता, आणि दादाच्या फोनवर बँकेचा मेसेज आला: उद्या तुमच्या कार्डातून १,४९९ रुपये कापले जातील. अ‍ॅमेझॉन प्राइमची वर्षाची मेंबरशिप संपत आली होती आणि आपोआप पुढच्या वर्षात जाणार होती. वहिनीने मेसेज वाचला आणि म्हणाली, "या वर्षी नको. बंद करून टाका." दादा म्हणाला, "अगं, दर चार दिवसांनी काहीतरी येतंच ना घरी? डिलिव्हरीचेच तेवढे होतील." दोघंही मनापासून बोलत होते आणि आकडा दोघांकडेही नव्हता. दुपारी मला फोन आला.

मी सुदामानगरला राहते. नोकरी एका सीएच्या ऑफिसात, दिवसभर लोकांच्या खात्यांच्या नोंदी जुळवण्याची. त्यामुळे घरात पैशाचं काही अडलं की वहिनी म्हणते, "ताईंना बोलवा." घरात माणसं चार: दादा, वहिनी, चौऱ्याहत्तर वर्षांची आई आणि बारावीत शिकणारा भाचा. घरच्यांना विचारून, नावं न घालता हे लिहिते आहे, कारण असाच प्रश्न ऑफिसात, ओळखीत सतत निघतो आणि बहुतेक जण तो अंदाजाने सोडवतात.

वहिनीच्या 'बंद करा' मागे एक जुना ओरखडा होता. त्याच्या आदल्या वर्षी एका दुसऱ्याच अ‍ॅपवर (कोणतं, ते इथे महत्त्वाचं नाही) भाच्याने 'सात दिवस फुकट' म्हणून मेंबरशिप घेतली होती. आठव्या दिवसापासून महिन्याला १९९ रुपये जायला लागले आणि पाच महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. ९९५ रुपये गेले. मेसेज येत होते, पण ते ओटीपी आणि जाहिरातींच्या ढिगात वाचणार कोण? तेव्हापासून 'आपोआप कापले जातील' हे शब्द दिसले की वहिनीचा जीव वरखाली होतो, आणि मला त्यात काही चूक वाटत नाही.

रिझर्व्ह बँकेचा नियम ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहे: कार्डावरून असे ठरावीक मुदतीचे पैसे कापायचे असतील, तर किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायचं आणि नको म्हणायची सोय द्यायची. म्हणून रविवारी मेसेज आला. म्हणजे आमच्या हातात एक दुपार आणि एक संध्याकाळ होती. यूपीआयवरून दिलेली अशी परवानगी त्याच अ‍ॅपच्या 'ऑटोपे' या भागात दिसते आणि तिथेच रद्द करता येते. मी गेल्या गेल्या भाच्याला तो भाग उघडायला लावला. तिथे गाण्यांच्या एका अ‍ॅपची परवानगी जिवंत सापडली, जे अ‍ॅप फोनमधून कधीच काढून टाकलं होतं. अ‍ॅप काढलं म्हणजे पैसे थांबले असं होत नाही. ती आधी रद्द केली आणि मग वही उघडली.

दादाने प्राइम घेतलं २०१७ साली, ४९९ रुपयांत. भारतात ही योजना जुलै २०१६ मध्ये आली ती याच सुरुवातीच्या दरात. पुढे दर ९९९ झाला आणि डिसेंबर २०२१ मध्ये १,४९९. मी दादाला विचारलं, "दर वाढला तेव्हा परत विचार केला होतास?" तो गप्प राहिला. ४९९ ला घेतलेला निर्णय १,४९९ पर्यंत तसाच वाहत आला होता. एप्रिल २०२३ मध्ये महिन्याचा दर १७९ वरून २९९ झाला, वर्षाचा मात्र तोच राहिला. महिन्याच्या हिशेबाने वर्षाचे ३,५८८ होतात, त्याच्या शेजारी ठेवलं की १,४९९ स्वस्त वाटतं. पण वस्तू स्वस्त आहे का, हे शेजारच्या महाग वस्तूवरून ठरवायचं नसतं. आपण ती वापरतो किती, यावरून ठरवायचं.

ते बघायला भाच्याने फोनवर ऑर्डरींची यादी काढली आणि गेल्या बारा महिन्यांतली एकेक ऑर्डर वाचून दाखवली. मी लिहीत गेले. तारीख, वस्तू, रक्कम, कुणासाठी. पाऊण तास लागला. एकूण ६४ ऑर्डरी, ६४,२०० रुपयांच्या. दादाचा चेहरा उजळला. "बघ, चौसष्ट! चाळीस चाळीस धरले तरी अडीच हजार वाचले."

हीच ती जागा जिथे बहुतेकांचा हिशेब चुकतो. मेंबरशिप नसती तर चौसष्ट वेळा डिलिव्हरीचे पैसे पडले असते, असं नाही. मोठ्या ऑर्डरीला डिलिव्हरी तशीही लागत नाही. आम्ही ५०० रुपयांची रेघ धरली आणि त्याखालच्या ऑर्डरीला ४० रुपये. ५०० च्या वर होत्या ३७. उरल्या २७. सत्तावीस गुणिले चाळीस, १,०८०. आता या सत्तावीसमधल्या किती खरोखर एकेकट्या मागवाव्या लागल्या असत्या? तारखा लावून बघितलं तर पंधरा ऑर्डरींच्या मागेपुढे त्याच आठवड्यात दुसरी ऑर्डर होती. सोमवारी वहीची कव्हरं, गुरुवारी पेनच्या रिफिली. फुकट आहे म्हणून दोनदा, नाहीतर दोन्ही एकाच खोक्यात आली असती. उरल्या बारा. बारा चोक अठ्ठेचाळीस, ४८० रुपये. दादाचे अडीच हजार खाली येत येत इथे थांबले.

दादा हरणारा नाही. त्याने कार्ड काढलं. त्याच्याकडे अ‍ॅमेझॉन पे आयसीआयसीआयचं क्रेडिट कार्ड आहे, त्यावर प्राइम असेल तर खरेदीच्या ५ टक्के परत मिळतात, नसेल तर ३ टक्के. "चौसष्ट हजारांचे दोन टक्के म्हणजे बाराशे ऐंशी. ते कुठे धरलेस?" मुद्दा बरोबर होता आणि मी तो विसरले होते. पण त्या चौसष्ट हजारांत एक वॉशिंग मशीन होतं आणि भाच्याचा फोन होता, दोन्ही मिळून साधारण ३१,५००. ते दरवर्षी थोडंच घ्यायचंय? पुढच्या वर्षाचा विचार करायचा तर उरलेले ३२,७०० धरायचे. त्याचे दोन टक्के ६५४. ४८० आणि ६५४ मिळून १,१३४.

१,४९९ उणे १,१३४, उरले ३६५.

"वर्षाचे तीनशे पासष्ट!" दादा म्हणाला. "म्हणजे दिवसाला एक रुपया. एका रुपयात आई टीव्हीवर सिनेमे बघते, हा फोनवर बघतो, सेल एक दिवस आधी मिळतो. आणखी काय पाहिजे?"

खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, ठेवावं. वहिनी काही न बोलता उठली आणि स्वयंपाकघरात गेली. खडखड ऐकू आली. ती ओट्याखालचा सगळ्यात खालचा ड्रॉवरच उचलून घेऊन आली आणि तो टेबलावर ठेवला. सिलिकॉनची ताणून बसवायची झाकणं, सहाचा संच, त्यातली दोन फाटलेली. पाच पात्यांची कोथिंबीर कापायची कात्री, पात्यांच्या मधे वाळलेली कोथिंबीर तशीच अडकलेली. लसूण सोलायची रबरी नळी. फोन उभा करायचा स्टँड, एक नाही, दोन. बाटली धुवायचा ब्रश, जो घरातल्या कुठल्याच बाटलीच्या तोंडात जात नाही. सगळ्या मिळून नऊ वस्तू. यादीत शोधून मी बेरीज केली: २,३१० रुपये.

"हे पण लिहा, ताई," वहिनी म्हणाली.

लिहिलं, पण सगळं मेंबरशिपच्या माथी मारणं बरोबर नव्हतं. नको त्या वस्तू माणूस बाजारातूनही आणतो. जेल रोडवरून दादाने आणलेले बंद पडलेले हेडफोन मी पाहिले आहेत. म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच प्रश्न विचारला: हिच्यावर वेगळे चाळीस रुपये पडले असते, तर घेतली असती का? नवाच्या नवांना घरातल्यांनी प्रामाणिक उत्तरं दिली. सहांना 'नाही' आलं. त्या सहांची किंमत १,४२० रुपये. १७९ रुपयांच्या स्टँडला ४० रुपये डिलिव्हरी दिसली असती, तर हात थांबला असता. ते ४० रुपये म्हणजे नुसता खर्च नव्हता, तो एक उंबरठा होता, आणि मेंबरशिपने तो काढून टाकला होता. एका बाजूला १,१३४ वाचले, दुसऱ्या बाजूला १,४२० गेले, वर १,४९९ ची फी. दादाच्या दिवसाला एका रुपयाचं उत्तर त्या ड्रॉवरमध्ये होतं.

आई इतका वेळ खिडकीशी बसून क्रोशाचं तोरण विणत होती. गणपती दहा दिवसांवर होते. मी यादीत मघापासून 'आई' असं लिहिलेल्या ओळी मोजत होते. पाचशेच्या खालच्या सत्तावीसपैकी आठ ऑर्डरी एकट्या दोऱ्याच्या होत्या. त्यातल्या तीन परत पाठवलेल्या. मी तिला विचारलं, तेव्हा तिने मांडीवरचे दोऱ्याचे दोन गुंडे उचलून माझ्यासमोर उजेडात धरले. "हा बघ, फोटोत मोतिया दिसला. हातात आला तर पिवळा. निम्मं तोरण झाल्यावर दोरा संपला, परत मागवला, तर तो आणखीनच वेगळा." तोरणाच्या मधोमध रंग बदललेला अगदी स्पष्ट दिसत होता. पूर्वी ती राजवाड्याजवळच्या दुकानात जायची. दुकानदार डब्यामागून डबे काढायचा आणि ती प्रत्येक गुंडा दुकानाच्या दारात नेऊन उन्हात बघायची. गुडघे धरले तेव्हापासून दोन वर्षं बाजार सुटला आणि नातवाच्या फोनवरून दोरा यायला लागला. "छोट्या ऑर्डरीला वेगळं काही असतं, हे मला कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "सांगितलं असतंत तर चार महिन्यांचा एकदम मागवला असता."

दादा तिच्या त्या ऑर्डरींनाच 'फायदा' म्हणत होता. आठ वेळा फुकट डिलिव्हरी. आणि आईला हवा होता तो दोरा आठांतून तीन वेळा आलाच नव्हता. हिशेबात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली.

प्राइमचे दुसरे दोन प्रकारही आम्ही पाहिले. शॉपिंग एडिशन ३९९ रुपये वर्षाला, त्यात डिलिव्हरी आहे, सिनेमे नाहीत. आमची खरी बचत ४८०, म्हणजे फायदा ८१ रुपयांचा, आणि ड्रॉवर पुन्हा भरायची सोय. ते सोडून दिलं. लाइट ७९९ रुपये, त्यात डिलिव्हरी आहे आणि सिनेमेही, पण सिनेमे एकाच उपकरणावर. त्यावर रात्री बराच वेळ बोलणं झालं, पण माझं मत होतं, आत्ता काहीच घेऊ नका. आधी न घेता राहून बघा. सिनेमांमध्ये १७ जून २०२५ पासून तशाही जाहिराती सुरू झाल्या होत्या, त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. आई म्हणाली जाहिरात लागली की ती उठून देवापाशी वात सारून येते, तिला काही त्रास नाही. मी ते ऐकलं, पण त्याला वजन दिलं नाही.

रात्री नऊ वाजता भाच्याने मेंबरशिपच्या पानावर जाऊन पुढचं वर्ष बंद केलं, मेलवर तसं आल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आणि बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या कार्डावरची परवानगीही थांबवली. दोन्हीकडून केलं की शंका राहत नाही. एका बाजूने पैसे थांबवले आणि दुसऱ्या बाजूने मेंबरशिप चालूच राहिली, असा घोळ ऑफिसात मी पाहिलेला आहे.

बंद करायची वाट सोपी असणं हा ग्राहकाचा हक्क आहे, हे आता कागदावरही आलं आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या मांडणीबद्दलची जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात तेरा प्रकार सांगितले आहेत आणि मेंबरशिपचा सापळा हा त्यातला एक: घेणं सोपं, सोडणं अवघड, सोडायचं बटण लपवलेलं, फुकट वापरासाठीही कार्डाची माहिती सक्तीची. वहिनीच्या ९९५ रुपयांच्या वेळी आम्हाला हे माहीत असतं, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार तरी केली असती. प्राइमबाबत अमेरिकेत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२३ मध्ये खटला भरला होता. लोकांना संमतीशिवाय मेंबर केलं आणि सोडणं अवघड ठेवलं, असा आरोप होता. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत द्यायचे. कंपनीने चूक मान्य केली नाही. ही बातमी आली तेव्हा आमचा न घेता राहायचा प्रयोग अर्ध्यात होता, आणि वहिनीने ती मला मुद्दाम वाचून दाखवली.

प्रयोगाचा नियम साधा ठेवला होता. फ्रिजवर एक कागद. ज्याला जे हवं ते त्याने त्यावर लिहायचं, ऑर्डर शनिवारी रात्री एकदाच. शनिवारपर्यंत ज्याला ती वस्तू नकोशी वाटली, त्याने ती खोडायची. गणपतीच्या आदल्या शनिवारी मी आईला घेऊन राजवाड्याला गेले. रिक्षा जितकी आत जाईल तितकी नेली, उरलेलं हळूहळू चाललो. दुकानदाराने ओळखलं, स्टूल दिलं आणि डबे काढायला सुरुवात केली. तिने सहा गुंडे घेतले, सगळे एकाच डब्यातले. येताना मारोठिया बाजारातून फुलवाती आणि कापूर.

१८ ऑगस्ट ते ३१ ऑक्टोबर, म्हणजे गणपती, नवरात्र, दिवाळी सगळं धरून सात ऑर्डरी झाल्या. आदल्या वर्षी याच दिवसांत सतरा होत्या. डिलिव्हरीचे पैसे तीनदा पडले, १२० रुपये. कागदावरची अकरा नावं शनिवार यायच्या आत खोडली गेली, त्यातली सात दादाच्या अक्षरातली. सेल २३ सप्टेंबरला सुरू झाला, प्राइमवाल्यांना २२ लाच. दादाला मिक्सर हवा होता. तो त्याला २३ तारखेला सकाळी, दोघांनी ठरवलेल्या किमतीच्या आतच मिळाला, फक्त पांढरा संपला होता, काळा घ्यावा लागला. एक दिवस आधीची जी इतकी वर्षं धास्ती होती, ती तिथे संपली.

मग बंद करणं बरोबर ठरलं का? मी तसंच समजत होते. नवरात्रात वहिनीने फोन करून सांगितलं, "ताई, आईंचं दुपारचं काही खरं नाही." शेजारच्या काकू दुपारी चारला यायच्या आणि दोघी मिळून एक मराठी सिनेमा दोन दिवसांत बघायच्या. आज अर्धा, उद्या उरलेला. टीव्ही बंद झाल्यावर काकू आधी रोज, मग एक दिवसाआड, मग दोन-तीन दिवसांनी यायला लागल्या. यूट्यूबवर जुने सिनेमे फुकट आहेत, भाच्याने ते लावूनही दिले, पण काल थांबलो तिथून आज पुढे लावणं त्या दोघींना जमेना. आईने एकदाही तक्रार केली नाही. वात सारून येते, असं ती म्हणाली तेव्हा ती मला सांगत होती की हे मला हवं आहे, आणि मी ते जाहिरातींबद्दलचं मत म्हणून लिहून घेतलं. दिवसाला एक रुपया हा दादाचा हिशेब ड्रॉवरमुळे चुकला खरा, पण त्यात त्याने आईचं नाव घेतलं होतं, आणि मी ते रकान्याबाहेर ठेवलं होतं. सल्ला माझा होता, म्हणून हे लिहिणं माझं काम.

रविवारी, २ नोव्हेंबरला, पुन्हा तेच टेबल. या वेळी लाइट घेतलं, ७९९ रुपयांचं. डिलिव्हरीचे ४८० वजा केले तर आईच्या दुपारी ३१९ रुपयांना पडतात, आणि डिलिव्हरी धरली नाही तरी त्या ७९९ ला कुणाची ना नव्हती. कार्डाचे टक्के मी हिशेबात घेतलेच नाहीत, कारण त्या टक्क्यांमुळे जेल रोडला स्वस्त मिळणारी वस्तूही दादा इथूनच मागवतो. एकच उपकरण म्हणजे आईच्या खोलीतला टीव्ही. भाच्याचा फोन त्यातून सुटला, आणि बारावीचं वर्ष बघता वहिनीला ते हवंच होतं. वहिनीच्या दोन अटी होत्या. फ्रिजवरचा कागद राहील. आणि पैसे भरल्या भरल्या पुढच्या वर्षीचं आपोआप कापणं बंद करायचं. भाच्याने ते तिथल्या तिथे केलं.

नवं कालनिर्णय तेव्हा नुकतंच आणलं होतं, अजून गुंडाळीतच होतं. वहिनीने ते उलगडून टेबलावर सरळ केलं, कोपऱ्यांवर पोह्यांच्या रिकाम्या बशा ठेवल्या, ऑक्टोबर २०२६ चं पान काढलं आणि २५ तारखेच्या, रविवारच्या चौकटीत लिहिलं: 'लाइट. ताईंना बोलावणे. यादी काढणे.'